उजवीकडून तिसरी

खलाफो झिग्दोनबद्दल आमच्या वस्तीत दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे तो स्कोपा खेळताना पत्ते लपवतो. दुसरी म्हणजे दर गुरुवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो दहाच्या बसने शहरात जातो आणि तिथं एका बाईला भेटतो. पहिलीचा तर मी साक्षीदारच आहे, कितीतरी डावांत त्याने माझी धुलाई केली. दुसरीचा तपास लावायचं मी मनावर घेतलं, कारण त्याची बायको लिशा याबाबतीत संशय येण्याइतकी शांत होती.

"जाऊ दे की," ती म्हणायची, "ती तरी त्याची बडबड ऐकून घेते. मला कामं आहेत."

लिशा माझ्यासारखीच त्रिपोलीची. खलाफो बेनगाझीचा. आम्ही त्रिपोलीवाले बेनगाझीच्या लोकांना अडाणी म्हणतो, ते आम्हाला दिखाऊ म्हणतात, आणि दोघांचंही बरोबर आहे.

तर एका गुरुवारी मी मागच्या दाराने त्याच बसमध्ये चढलो. तो बाजारापाशी उतरला. मासे घेतले, तळलेल्या स्फिंजच्या तीन कड्या कागदात बांधून घेतल्या, आणि लिबिया सोडून इथं आलेल्या आम्हा यहुद्यांचं जे संग्रहालय आहे त्यात शिरला. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने त्याला हात केला. मी थोडं थांबून आत गेलो. दुसऱ्या दालनात, भिंतीवरच्या एका मोठ्या फोटोसमोर तो उभा होता आणि काचेला सांगत होता, "माझा नातू यायर शेवटी पास झाला बघ. पाचव्यांदा. आता तो गाडी चालवणार, म्हणजे तू आहेस तिथंच बरी आहेस. रस्त्यावर येऊ नकोस."

मग मान न वळवता म्हणाला, "बेखोर, तुझ्या चपला बसमध्येही वाजत होत्या."

"ओळख तर करून दे," मी म्हणालो.

"आई, हा बेखोर. पत्त्यांत लबाडी करतो. याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

फोटोत एक मोठी कढई, मागे तारेचं कुंपण आणि डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सात बायका. खाली पाटी: 'जादोची छावणी. उजवीकडून तिसरी: घझाला झिग्दोन.'

जादो. दुसऱ्या महायुद्धात, लिबिया त्यांच्या ताब्यात असताना, इटालियनांनी बेनगाझी आणि आसपासच्या अडीच हजारांवर यहुद्यांना ट्रकांत भरलं आणि त्रिपोलीच्या दक्षिणेला डोंगरात नेऊन तारेच्या आत टाकलं. तिथं टायफसची साथ आली. पाचशेहून जास्त माणसं तिथंच पुरली. आम्ही त्रिपोलीवाले तेव्हा आपापल्या घरी होतो, म्हणून जादोची गोष्ट निघाली की मी तोंड बंद ठेवतो. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

खलाफो तेव्हा सहा वर्षांचा होता. त्यालाही ताप आला होता. तो उठला तेव्हा आई नव्हती. बेनगाझीतलं घर बॉम्बने गेलं, घरातले फोटो त्याबरोबर गेले. आईचं त्याच्याकडे उरलं काय? उभं राहताना ती डावा पाय उजव्यावर ठेवायची, एवढं आठवत होतं. आणि तिथी. हनुक्का या दिव्यांच्या सणाचा तिसरा दिवस. ही तिथी बापाने त्याला सांगितली होती, आणि साठ वर्षं त्या संध्याकाळी तो सिनेगॉगमध्ये तिच्या नावाने उभा राहून कद्दिश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणत आला. नंतर उकडलेली अंडी, ऑलिव्ह आणि अंजिराची दारू वाटायचा. खरं सांगायचं तर निम्मी वस्ती त्या दिवशी दारूसाठी धार्मिक व्हायची.

आठ वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाकडून या फोटोची प्रत संग्रहालयात आली. मागे तारीख नव्हती. कुणीतरी पहारेकऱ्याने काढला असेल असं सगळ्यांनी धरून घेतलं. आम्हा सगळ्यांना दाखवायला बोलावलं होतं. चेहरे पुसट. पण तिसरी बाई डावा पाय उजव्यावर ठेवून उभी होती. खलाफोने काचेवर हात ठेवला तो काढेनाच. मग जादोत ऐन विशीत असलेल्या मसऊदा फ्रीजा या आमच्या वस्तीच्या चालत्याबोलत्या बातमीपत्राला विचारलं. तिने चष्मा लावला, काढला, खलाफोकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, घझालाच." तिच्याकडून सही घेतली. पाटी लागली. तेव्हापासून गुरुवारची बस.

सफाई करणारी बाई एवढंच म्हणायची, "काका, काचेचा पापा घ्या, पण आधी स्फिंज खाऊ नका. तेल निघत नाही."

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या उन्हाळ्यात तिर्झा घरी आली. तिर्झा म्हणजे संग्रहालयातले कागद आणि फोटो सांभाळणारी. हातमोजे घालून कागद उलटते, आणि तिच्या कपाटांना जो थंडावा आहे तो आमच्या एकाही घराला नाही. चांगली मुलगी, हाच तर वांधा. वाईट असती तर शिव्या देऊन मोकळे झालो असतो. मी तेव्हा खलाफोकडेच बसलो होतो. लिशाने खिमा भरलेले बटाटे तिच्यासमोर ठेवले. तिने हात लावला नाही, तेव्हाच लिशाने माझ्याकडे पाहिलं.

"काका," तिर्झा म्हणाली, "तो फोटो काढणाऱ्या इंग्रज शिपायाच्या मुलीने मूळ अल्बम पाठवलाय. फोटो इंग्रज आल्यानंतरचा आहे. मागे त्याच्या हातचं लिहिलंय. मार्च."

"मग?"

"इटालियनांना हटवून इंग्रज जानेवारीच्या शेवटी आले. तुमच्या मुलाखतीत तुम्हीच सांगितलंय, आई हनुक्कात गेली. म्हणजे डिसेंबरात."

 लिशाने बटाट्यांची थाळी उगाच दोन बोटं सरकवली.

"शिपाई चुकला असेल," मी म्हणालो. "इंग्रजांना कुठं महिने कळतात."

"बेखोरकाका, त्याच्या वहीतही तोच महिना आहे. त्या पानावर कढईसुद्धा आहे."

"म्हणजे माझी आई," खलाफो हळूच म्हणाला, "मेल्यावर तीन महिन्यांनी सूप घ्यायला उभी राहिली."

"म्हणजे ती तुमची आई नाही, काका. किंवा," इथे ती अडखळली, "किंवा तिथी चुकलीय. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. मला पाटीवर काहीतरी एक लिहावं लागेल."

ती गेल्यावर लिशाने ते बटाटे मला खायला लावले. मी खाल्ले. मला लाज वाटायला हवी होती, पण लिशाचा मसाला चांगला असतो.

खलाफोने आठवडाभर पत्ते हातात धरले नाहीत. मग एका दुपारी माझ्याकडे आला.

"बेखोर, तारीख आणि चेहरा, दोन्हींतलं एक द्यायचं झालं तर तू काय देशील?"

"माझ्या बायकोचं विचारतोस? दोन्ही."

तो हसला नाही. "तारीख बापाने सांगितली. चेहरा मी पाहिला. माणूस आपलं पाहिलेलं ठेवतो." आणि मग, "चल, मसऊदाकडे."

मसऊदा चौऱ्याऐंशीची. आतून ओरडली, "दार उघडंय! चोर असाल तर फ्रीज डावीकडे!" खलाफोने तिला सरळ विचारलं. जादोत, त्या साथीत, दिवस कोण मोजत होतं?

"दिवस?" ती म्हणाली. "अरे येड्या, तिथं कुणाला वार माहीत नव्हता. हनुक्का म्हणे! दिवे लावायला तेल कुठलं? तेल मिळालं असतं तर आम्ही प्यायलो असतो. तुझ्या बापाला तर तुझ्याहून जास्त ताप होता. तू पुढं दोन वर्षं रोज विचारायचास, आई कधी गेली, आई कधी गेली. त्याने तुला एक दिवस दिला. पोराच्या हातात खेळणं द्यावं तसा. तिसरा दिवस का? तेही त्यालाच माहीत."

मी खलाफोकडे पाहिलं. साठ वर्षांची तिथी एका वाक्यात गेली होती. आणि त्याचा चेहरा उजळला होता! "ऐकलंस?" तो मला म्हणाला. "म्हणजे ती मार्चपर्यंत जगली. इंग्रजांची पाव-साखर तिने खाल्ली. मसऊदा, हेच तिर्झासमोर सांगशील?"

"गाडीने नेणार असशील तर राजासमोरही सांगेन."

तिथं मी तोंड उघडायला हवं होतं. मसऊदाला मी पन्नासहून जास्त वर्षं ओळखतो. तिला एक वाक्य बोलायला नेलं तर ती दुसरं बोलल्याशिवाय परत येत नाही. पण मलाही गाडीतून जायचं होतं, हे कबूल करतो.

यायरने नेलं. त्याला गाडी येत नाही हे तेव्हा सिद्ध झालं. तिर्झाने कॅमेरा लावला. मसऊदाने बांगड्या चढवल्या होत्या, गाल रंगवले होते. तिने तिथीचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. तेल प्यायलो असतो, हेसुद्धा. खलाफो शेजारी मान डोलावत होता.

"धन्यवाद, मसऊदाबाई," तिर्झा म्हणाली. "आणि फोटोतल्या घझालाबाईंना तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"कोण, मी? मी कुठं ओळखलं?"

"तुमची सही आहे."

"सही काय, याचं तोंड पाहिलं म्हणून केली. काचेला चिकटला होता, नाही म्हणवलं नाही. चेहरे कोण बघतंय त्या रांगेत? माझी नजर कढईत होती. सगळ्यांचीच होती. बाई माझी सख्खी बहीण असती तरी मला कळलं नसतं."

"मसऊदा," खलाफो म्हणाला.

"काय मसऊदा? खरं बोलायला आणलंस ना?"

"पाय," तो तिर्झाला म्हणाला. "तिचा पाय बघ. डावा उजव्यावर."

"थंडीत अनवाणी होतो रे," मसऊदा म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "सगळ्याच तशा उभ्या राहायचो. एक पाय गरम करायला. घझालाही राहत असेल."

कॅमेरा चालूच होता. हे सगळं आता तिथं आहे, त्या थंड कपाटात, क्रमांकासकट. शंभर वर्षांनी कुणालाही बघता येईल, आमच्याहून नीट जपलेलं.

 परतताना गाडीत मसऊदा मध्येच म्हणाली, "मी काही चुकीचं सांगितलं का?" यायरने रेडिओ लावला.

महिन्याभराने तिर्झाने पत्र न पाठवता खलाफोला बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. पाटी बदलली होती: 'सूपच्या रांगेतल्या स्त्रिया. जादो, मार्च १९४३. नावं अज्ञात.' पुढच्या दालनात मेलेल्यांची यादी आहे. तिथं पूर्वी नावापुढे तिथी होती. आता होतं: 'घझाला झिग्दोन. दिनांक अज्ञात.'

"दोन्ही काढलंस?" खलाफो म्हणाला. "एक तरी ठेवायचं."

"कोणतं ठेवू, काका? सांगा. तुम्ही सांगाल ते लिहिते, पण कशावरून ते मला लिहावं लागेल."

खलाफोने यादीतल्या नावावरून बोट फिरवलं. "तुझी चूक नाही," एवढं म्हणाला. ती रडू लागली. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि फोटोकडे न वळता बाहेर पडला. सात बायकांपैकी कुठली आई आहे आणि कुठली नाही, हे त्याला अजूनही कुणी सांगू शकत नव्हतं, आणि त्याला तेच सहन होत नव्हतं. ती तिसरी नसेल तर पाचवी असेल. सातवी असेल. कदाचित रांगेतच नसेल.

हनुक्काचा तिसरा दिवस आला. सिनेगॉगमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला नेहमीपेक्षा गर्दी होती, कारण मी सांगितलं आहेच. खलाफो रिकाम्या हाताने आला. ज्याच्याकडे तिथींची वही असते तो सासी पान उघडून म्हणाला, "खलाफो, आज घझालाबाईंचा दिवस."

"आज नाही. खोड ते."

"मग कुठला लिहू?"

"माहीत नाही."

सासी माणूस सरळ आहे. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि समजावलं, "अरे, मग तेवेत महिन्याच्या दहावीला म्हण. युद्धात मेलेल्या आपल्या माणसांचा दिवस ज्यांना माहीत नाही ते सगळे त्याच दिवशी म्हणतात. रब्बींनीच ठरवून दिलंय."

"सगळे म्हणजे कोण?"

"सगळे. पोलंडवाले, ग्रीसवाले, आपले. लाखोंनी आहेत."

"एवढ्या लोकांत," खलाफो म्हणाला, "तिला कसं कळेल की हा आवाज माझ्या पोराचा आहे?"

 सासीने पेन उचललं आणि ओळ खोडली. ती खोडताना कागद थोडा फाटला.

तेवेतच्या दहावीला उपास असतो. खलाफो आला, माझ्या शेजारी बसला. सासीने खूण केली तेव्हा सिनेगॉगमधली निम्मी माणसं उठली. तिथी नसलेले इतके लोक आपल्यात आहेत हे मी तोवर कधी मोजलं नव्हतं. खलाफोही उठला. पहिले दोन शब्द त्याने सगळ्यांबरोबर म्हटले, मग थांबला. मला वाटलं खोकला आला असेल. मी पाण्यासाठी हात केला आणि उपास आठवून मागे घेतला. तो तोंड किंचित उघडं ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होता. ओळी त्याला पाठ होत्या, साठ वर्षं म्हटलेल्या. बाकीच्यांचं कद्दिश त्याच्याशिवाय पुढे गेलं आणि संपलं.