बरणीवरची सही

मी अंबरनाथ सोडलं त्या दुपारी खाली गाडी हॉर्न वाजवत होती आणि वर आई मसाल्याच्या बरणीवर सही करत होती. झाकणाभोवती तिनं पांढऱ्या चिकटपट्टीचे तीन वेढे दिले होते. पट्टीचं टोक जिथे संपत होतं तिथे, अर्धं पट्टीवर आणि अर्धं बरणीवर येईल असं, बाबांच्या काळ्या मार्करनं ती आपलं पूर्ण नाव लिहीत होती. तिला अजिबात घाई नव्हती. वाटेत कोणी बरणी उघडली तर सही पुन्हा जुळायची नाही, असा तो बंदोबस्त होता.

"आई, तुझा मसाला चोरायला कोण बसलंय?" मी म्हणाले.

"चोरायला नाही गं, बदलायला," ती म्हणाली. "सामान एकदा विमानाच्या पोटात गेलं की आपल्या डोळ्यांसमोर असतं का?"

बाबा चपला घालून दारात उभे होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. तिथे प्रत्येक कामाच्या कार्डावर दोन चौकोन असत, एक बनवणाऱ्याच्या सहीचा, एक तपासणाऱ्याच्या. सहीचं वेड आईला त्यांच्याकडूनच लागलं होतं. फक्त तिच्या मसाल्यात बनवणारी तीच आणि तपासणारीही तीच. मी रडायच्या बेतात होते आणि मला जवळ घ्यायचं सोडून तिनं बरणी उलटी करून झाकण गळतंय का ते पाहिलं. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

त्याला तेरा वर्षं झाली. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांच्याकडे अशी एखादी बरणी असणार, आणि जे मागे राहिलेत त्यांच्यातलं कोणीतरी ती भरून देत असणार. तुम्हा दोघांसाठी हे लिहितेय, कारण यंदा मी एक चोर पकडायला घरी गेले होते.

आमच्या घरी संशय हा स्वयंपाकाचाच भाग होता. आई मिरची घ्यायला उल्हासनगरला जायची. पोत्यातली वरची मिरची ती कधी घ्यायची नाही, कोपरापर्यंत हात घालून तळातली काढायची. धणे दाताखाली, लवंग नखाखाली. "चव तर बघा" म्हणणाऱ्या दुकानदाराकडून काहीच घ्यायची नाही. आग्रह करतोय म्हणजे माल उठत नाहीये, असा तिचा हिशेब. मग घरी भाजणं, आणि मग डंक. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांना सांगते: लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होतात, खाली उखळात मसाला कुटला जातो, आणि जिचा मसाला ती बाई समोर स्टुलावर बसून राहते. आपण उठलो की मसाला बदलला, अशी तिथल्या प्रत्येकीची खात्री असते. आई तर शिंकायलाही मान वळवायची नाही. डंकवाल्या शकूमावशीला ती आधी उखळ झाडायला लावायची, आधीच्या बाईचा चमचाभरही आपल्यात यायला नको म्हणून.

"ताई, तुमचा मसाला चोरून मी काय बंगला बांधणार हाय का?" शकूमावशी म्हणायची.

आईचं लक्ष मावशीच्या हातांवर असायचं.

आणि मी काय करते? मसाल्याची पाकिटं भरणारी यंत्रं बसवते. राहते रॉटरडॅमला, पण वर्षातले निम्मे दिवस कुठल्यातरी तिसऱ्याच देशात. नोकरी लागली तेव्हा आईनं विचारलं होतं, "त्या पाकिटात काय भरतात ते तू बघितलंस?" मी म्हणाले, वरून जे येईल ते यंत्र भरतं. "म्हणजे तुलापण माहीत नाही," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

कामातून एखादा दिवस मोकळा मिळाला की बाकीचे इंजिनिअर म्युझियम बघतात, मी बाजार बघते. बघते म्हणजे, संशयानं बघते. इस्तंबूलच्या मसाला बाजारात एकानं केशराची डबी माझ्या नाकाशी आणली, "टेस्ट, माय सिस्टर" म्हणाला, आणि मी दोन पावलं मागे सरले. तिथेच घेतलेली मिरी हॉटेलच्या खोलीत दात घासायच्या ग्लासात टाकून पाहिली, कारण पपईच्या बिया असतील तर तरंगतात. एकूण एक बुडाली. आनंद व्हायला हवा होता, पण खोटं कशाला सांगू, जरा हिरमोडच झाला. हनोईत आंब्यांच्या ढिगातला खालचा आंबा ओढला तर विकणारीनं हातावर चापट मारली. रॉटरडॅमच्या बाजारात चीजचे तुकडे फुकट चाखायला ठेवलेले असतात. तेरा वर्षांत मी एकही उचललेला नाही.

आदिस अबाबाला मात्र वेगळं घडलं. बाजारामागच्या गल्लीत मिरची दळायची गिरणी होती, दारातच मला शिंक आली. आत पांढरी शाल डोक्यावरून घेतलेली एक म्हातारी बाकावर बसून गिरणीवाल्याच्या हातांकडे बघत होती. फक्त हातांकडे. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला, पण तिचा संशय मला शब्दन्‌शब्द कळला. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपली पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. मला इतकं घरी आल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचंही असेल.

मागच्या वर्षीची बरणी कडू निघाली. सही शाबूत होती, म्हणजे वाटेत काही झालं नव्हतं. जे झालं ते डंकावर, असं मी ठरवूनच टाकलं. बाबा गेल्यावर आई दादाकडे बदलापूरला राहायला गेली होती. मसाला कुटायला ती अजून अंबरनाथच्याच डंकावर जायची. वय झालं, उकाड्यात स्टुलावर डुलकी लागली असणार आणि शकूमावशीनं डाव साधला असणार. मी फोनवर विचारलं, "आई, डंकावरून मध्ये उठली होतीस का?"

"मी?" ती म्हणाली. "मी उठेन?" आणि तिनं फोन वहिनीकडे दिला.

म्हणून यंदा मी ऐन मसाल्याच्या मोसमात सुटी काढून गेले. दादाचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरात धूर ओढून घेणारी चिमणी. दादा म्हणाला, "आई, कशाला एवढा व्याप? पाकिटातला आणू ना. सुजाताच्याच मशीनमधून आलेला असेल." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याला पढवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला गेलो, नेहमीच्या सिंधी शेठकडे. आईनं बेडगी मोडली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "मागच्या वर्षीचा माल आहे."

"अम्मा, तुम हर साल यही बोलती हो," शेठ हसत म्हणाला आणि त्यानं दुसरं पोतं उघडलं. मग खड्या हिंगाच्या डब्याचं झाकण काढून डबा तिच्या तोंडासमोर धरला. मी बाजूला उभी होते तरी माझं डोकं भणभणलं. आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी ते मनात टिपून ठेवलं. सवयच आहे तशी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दादा-वहिनी कामावर गेल्यावर, आईनं भाजायला घेतलं. मी बाहेरच्या खोलीत मिरच्यांची देठं काढत होते. एकाएकी करपल्याचा वास आला. धावत आत गेले तर आई कढईसमोर उभी राहून धणे परतत होती, डोळे कढईत, परीक्षेला बसल्यासारखं लक्ष देऊन. धूर सगळा चिमणीत जात होता.

"आई, करपतंय!"

"कुठं?" ती म्हणाली.

मी गॅस बंद केला. खालचे धणे काळे झाले होते. आई माझ्याकडे बघत राहिली, आणि आपण पकडले गेलो हे तिला कळलं. जन्मभर तिनं लोकांना पकडलं होतं. तिला पकडायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं, आणि आली तेव्हा मला ती नको होती.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तो मोठा ताप आला होता ना मला, त्यानंतर. काहीच येत नाही गं. हिंगाचा नाही, फुलाचा नाही. तुझ्या बाबांचा एक शर्ट ठेवलाय मी, त्याचापण नाही."

"दादाला का नाही सांगितलंस?"

"तो वाईट नाही. पण म्हणेल, आई, आता बस तू. मग ते पाकीट येईल घरात. आणि मी काय करू दिवसभर? टीव्ही बघू?"

मी म्हणाले, गॅस गळला तर तुला कळायचं नाही, दादाला सांगावंच लागेल. "रोज दहादा बटणं बघते मी," ती म्हणाली. मी ऐकलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "बरं, सांगेन. पण आधी मसाला होऊ दे. चांगला झाला तर सांगेन." एवढ्यावर आमचं ठरलं. मसाला बिघडला असता तर तिच्या आयुष्यातला तो शेवटचा असता, हे दोघींनाही माहीत होतं.

नवे धणे आणले. तिचे हात, माझं नाक. "आता?" ती विचारायची. "थांब." "आता?" "काढ." दर वेळी कढई उतरवायच्या आधी ती माझ्याकडे एकदा निरखून बघायची, ही पोरगी नीट हुंगतेय की उरकून टाकतेय म्हणून. दगडफुलाच्या वेळी मी चुकून लवकर "काढ" म्हणाले, तर बोटांत चुरून बघून तिनं परत चढवलं.

डंकावर आई स्टुलावर बसली आणि शकूमावशीनं मला पाण्याच्या निमित्तानं मागे बोलावलं.

"ताईला वास येत नाय ना?" ती हळूच म्हणाली. "मागच्या साली धणे जळलेले. मी बोलली तर माझ्यावरच वसकन आली. मग कुटला तसाच. तिचाच माल तिला दिला. बदलला असता तर चांगला लागला असता की!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी या बाईला मनात चोर म्हणत होते. मी तिला ते सांगून टाकलं. ती रागावली नाही. "तुझी आई समोर बसलेली असताना?" ती म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून हसायला लागली. मी वळून पाहिलं. आई मुसळांकडे बघत होती. ती तिथून उठली नव्हती, मागच्या वर्षीही उठली नसणार.

घरी येऊन तिनं बरणी भरली आणि माझ्यापुढे धरली. "घे वास."

"छान झालाय," मी म्हणाले.

तिनं मार्कर खाली ठेवला. "खरं सांग."

"खरंच छान झालाय, आई. मस्त."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते, ती दुकानदारांसाठी असते. मला एकदम समजलं की मी आग्रह करतेय.

"लवंग जरा पुढं गेलीय," मी म्हणाले. "जरा नाही, बरीच."

"मला वाटलंच!" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "हातालाच जास्त लागली होती ती." मग तिनं चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, सावकाश आपलं नाव लिहिलं, आणि मार्कर माझ्या हातात दिला. "तपासणारीची राहिली."

मी तिच्या नावाखाली, तशीच अर्धी पट्टीवर आणि अर्धी बरणीवर, सही केली. बरणी हलू नये म्हणून तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

संध्याकाळी जेवताना तिनं ती बरणी दादासमोर ठेवली. "मला दोन वर्षं वास येत नाही," ती म्हणाली. "गॅसला काय लावायचं ते लाव. पण मसाला घरीच होणार. सुजा दर वर्षी सुटी काढून येणार आहे." हे तिनं मला विचारलं नव्हतं. दादा बरणीवरच्या दोन सह्या वाचत राहिला आणि पाकिटाचं नाव त्यानं काढलं नाही.

घर कुठलं असं कोणी विचारलं की पूर्वी मी अंबरनाथ सांगायचे, मग बदलापूर म्हणायला लागले, परदेशात तर नुसतं मुंबई सांगून सुटका करून घ्यायचे. आता मला वाटतं, माझ्या "छान आहे"वर जिथे कोणी विश्वास ठेवत नाही, ते माझं घर.

रॉटरडॅमला पोचल्यावर कोटही न काढता मी बॅगेतून बरणी काढली, खिडकीशी नेली आणि उजेडात फिरवून पाहिली. तेवढ्यात आईचा फोन आला. प्रवास कसा झाला, जेवलीस का, काही नाही.

"सही जुळली का?"

"जुळली."

"दोन्ही?" तिनं विचारलं.