हॉलमधला खांब

कराटेची परीक्षा सुरू होताना मी सवयीने मागे खांबाला टेकायला गेलो आणि धाडकन जमिनीवर बसलो. महाडच्या त्या मोठ्या हॉलमध्ये खांब नव्हताच. खांब आमच्या बिरवाडीच्या हॉलमध्ये, बरोबर मधोमध. सगळे हसले. वनिताही हसली. म्हटलं, चला, पोरीचं टेन्शन तरी गेलं.

वनिता पोलादपूरच्या वरच्या वाडीतली. बिरवाडीत खोली घेऊन राहायची, कारखान्यात पॅकिंगला होती. चार वर्षांपूर्वी माझ्या कराटे क्लासला आली तेव्हा ठोसा मारताना जमिनीकडे बघायची. ओरडायला सांगितलं की खोकायची. पण फर्स्ट शिफ्ट सुटली की रोज हजर. गुडघे दुखतात म्हणून मी दांडी मारायचो, ती कधी नाही. हळूहळू नजर वर आली, आवाज फुटला. पुढेपुढे सुपरवायझरही तिच्याशी जपून बोलायला लागला. आता एका शाळेने तिला कराटे शिकवायला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, ब्लॅक बेल्ट.

परीक्षेत काता करून दाखवावा लागतो. काता म्हणजे समोर कोणी नसताना ठरलेल्या क्रमाने लढायचं, आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबायचं.

वनिताची सुरुवात झकास झाली. मध्यावर मात्र सरळ जायचं सोडून ती डावीकडे सरकली, छोटासा वळसा घेतला आणि पुढे गेली. थांबली ती दोन पावलं लांब.

आमच्या हॉलमध्ये नेमका तिथेच खांब येतो. पहिल्या वर्षी मीच तिला म्हणालो होतो, "इथे जरा बाजूने जा, नीट नंतर बघू." ते नंतर राहूनच गेलं.

परीक्षकांनी मला विचारलं, "सर, ही मध्येच कोणाला वाट देते?"

वनिता शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "घाबरली असेल, सर."

त्यांनी पुन्हा करायला लावलं. मी मनात म्हणत होतो, सरळ जा गो. ती तिथेच वळली. इतक्या सफाईने, की क्षणभर मलाच खांब दिसला.

नापास.

बाहेर तिने विचारलं, "सर, मी घाबरले नव्हते. मंग माझं चुकलं काय?"

"बघू पुढच्या वेळी," मी म्हणालो.

शाळेने दुसऱ्या कोणाला तरी घेतलं. वनिता क्लासला यायची बंद झाली. फोन केला तर म्हणाली, "नाय जमायचं सर मला." आवाज पुन्हा पहिल्यासारखा, खोकल्याएवढा.

सराव चूक-बरोबर बघत नाही. रोज जे कराल ते पक्कं करून देतो. क्लासमध्ये हे मी आता सांगतो. ऐकायला तिघं असतात, आणि खांब.

त्या फोननंतर मी बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, "मग तिथे घाबरलं कोण होतं?"