धार जोरात आहे

माझ्या हातून एका मशीनीचा जीव जाणारच होता, आणि तोही एका बकरीमुळे. आता हे नीट सुरुवातीपासून सांगायला हवं.

दहा वर्षं बाहेर शिकून मी पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावी परत आले. मला वाटलं होतं, ओहोटीला होड्या गाळात रुततात, लोक हताश बसले असतील, मी मार्ग दाखवीन. प्रत्यक्षात हताश कोणीच नव्हतं. ओहोटी लागली की महादूकाका होडीतच आडवे व्हायचे आणि भरती आली की उठायचे.

"काका, किती वेळ वाया जातो हा."

"झोपेत कसला वाया जातोय गो?"

पण मी ऐकणार थोडीच. शाळेच्या भिंतीवर कागदही लावून टाकला होता: 'उथळ पाण्यात होडी कशी चालवावी. मार्गदर्शन वर्ग.' मार्गदर्शक कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

काकांच्या होडीच्या मागच्या फळीवर मशीन, म्हणजे होडीचं इंजिन, टांगलेली असते. तिचा पंखा खोल जातो आणि कमी पाण्यात गाळाला लागतो. मशीन वर उचलली की पंखाही वर येतो. इतकं सोपं.

"चार बोटं वर घे," काका म्हणाले. "जास्त नको. घर तिच्यावर चालतंय."

चार बोटं? कोणाची? बोट हे काय माप झालं? मी वहीत गणित मांडलं, पंधरा सेंटीमीटर उत्तर आलं आणि संध्याकाळी फळीवर ठोकळा बसवून मशीन तेवढी चढवली.

दुसऱ्या दिवशी भर ओहोटीत आम्ही निघालो. पलीकडच्या काठावर गुरांचा दवाखाना आहे, तिथे काकूची बकरी राणी न्यायची होती. "कालपासून धड खात नाय. लक्ष ठेव गो तिच्यावर," काकूने निघताना बजावलं.

काका पुढे उभे राहून बांबूने पाणी मोजत होते, पाठ माझ्याकडे. मागे मशीनीपाशी मी, आणि माझ्या पायाशी राणी. पंखा गाळाला लागत नव्हता. मी मनातल्या मनात वर्गातलं पहिलं भाषण सुरू केलं होतं.

काका मागे न बघता ओरडले, "मुततेय काय बघ गो?"

काळजीचा माणूस, मी म्हटलं. राणीकडे पाहिलं, आणि योगायोग बघा, तिने तोच मुहूर्त धरला होता.

"हो काका!"

"धार कशी हाय?"

"जोरात आहे."

"मग जाव दे."

थोड्या वेळाने कसलातरी करपट वास यायला लागला.

"गरम झाली काय? हात लावून बघ."

मी राणीच्या पाठीवर हात ठेवला. "कोमट आहे."

"कोमट चालंल."

मग मशीन खोकली, धूर सोडला आणि गप्प झाली.

काका मागे आले. त्यांनी मशीन पाहिली, माझा ठोकळा पाहिला, मग होडीत साचलेलं तळं पाहिलं.

"तू मघापासून कोनाचा सांगत होतीस?"

"राणीचं."

काकांनी हातातला बांबू खाली ठेवला. मग त्यांनी मशीनीच्या बाजूचं बारीक भोक दाखवलं. मशीन खालून पाणी ओढते, थंड होते आणि तेच पाणी इथून बाहेर टाकते. धार थांबली की समजायचं, मशीन जळणार. या धारेला सगळी खाडी मुतणं म्हणते. माझ्या पंधरा सेंटीमीटरनी पाणी ओढायची जागाच पाण्याच्या वर आणून ठेवली होती.

मशीन निवेपर्यंत आम्ही बसून राहिलो. काकांनी ठोकळा काढला, चार बोटं मोजून पातळ फळी घातली आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. नाही. माझ्या डोळ्यांसमोर काकूची चूल आली. चौथ्यांदा ती धडधडली आणि भोकातून बारीक, स्वच्छ धार पडली. मला रडूच आलं.

"हिला म्हनतात मुतनं," काका म्हणाले.

राणीला डॉक्टरांनी चूर्ण दिलं. परत येताना ती माझ्या वहीची तीन पानं खाऊन बरी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेपाशी गेले आणि तो कागद काढायचा नाही, असं ठरवलं. वर्ग होणार. फक्त मार्गदर्शक म्हणून माझं नाव खोडून काकांचं लिहिलं आणि विद्यार्थ्यांत पहिलं नाव माझं. सहायक म्हणून राणीचं घातलं, कारण त्या दिवशी होडीच्या मागच्या टोकाला आपलं काम वेळेवर करणारी ती एकटीच होती.