कॅरलचे फोन आणि समीरचे बाबा

इंटरनेट फोनच्या सपोर्टमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. फोन बिघडलाय हे सांगायला लोक फोनच करतात, तोही त्याच बिघडलेल्या फोनवरून! मग काय, किस्से साठतच जातात. आमच्या टीममध्ये मराठी दोघंच, मी नागपूरची आणि समीर पुण्याचा. इकडे अमेरिकेत नेपरव्हिलला दोघांची घरंही जवळजवळ, त्यामुळे ऑफिसातलं भांडण चहापर्यंत पुरतं.

* * *

थंडीच्या तोंडावर समीरचे बाबा पुण्याहून आले. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घेणारे. आल्या आल्या त्यांनी लेकाला विचारलं, की दिवसभर तू नुसतं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ म्हणतोस, याचा पगार देतात?

समीर जिटर बफर समजावायला लागला. काकांचा चेहरा बघून मीच मध्ये पडले. म्हटलं, काका, बोलणं इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येतं. काही तुकडे लवकर, काही उशिरा. तो जिटर. म्हणून ते क्षणभर धरून ठेवायचे आणि मग ओळीने सोडायचे. तो बफर. तव्यावरची एकेक पोळी वाढली तर जेवणाऱ्याचा हात मध्येच थांबतो ना? म्हणून आधी थोड्या डब्यात साठवायच्या. कमी साठवल्या तर ताट रिकामं, फार साठवल्या तर पाहुणा ताटकळतो.

काकांनी मान डोलावली आणि समीरकडे वळून म्हणाले, “म्हणजे एवढं शिकून तू वाढपी झालास.”

* * *

समीरच्या वाट्याला आली होती कॅरल. तिची घरातले हीटर दुरुस्त करायची कंपनी. बर्फ पडला की तिचे फोन दिवसभर वाजतात, आणि त्या वर्षी नेमके तेव्हाच तुटायला लागले. कॅरल म्हणजे आमची सगळ्यात मोठी कस्टमर. ती गेली तर टीममधली एक खुर्ची जाणार, हे आमचा मॅनेजर डेव्ह याने सरळ सांगून टाकलं. सगळ्यात नवीन समीर. त्यात व्हिसा नोकरीवर टांगलेला. बाबांना त्याने यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. म्हणे, कळलं तर उद्याच परतीचं तिकीट काढतील.

घाबरलेला माणूस काय करतो? सगळं जास्त करतो. याने बफर शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवला. आवाज एकदम स्वच्छ, पण पोचायला उशीर. हीटर बंद पडलेल्या एका आजोबांनी फोन केला. ते आणि रिसेप्शनिस्ट एकदम बोलले, एकदम थांबले. “सॉरी, तुम्ही बोला.” “नाही नाही, आधी तुम्ही.” इकडची माणसं आधीच सभ्य! असं बराच वेळ चाललं. शेवटी आजोबांनी फोन ठेवला, कोट चढवला, आणि बर्फातून गाडी चालवत दुकानात येऊन पत्ता लिहून दिला.

* * *

मी बफर खाली आणला आणि नेटवर्क बघून आपला आपण कमीजास्त होईल असं सेटिंग करून ठेवलं. फोन सुधारले. फक्त जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तुटायचे. रोज!

शेवटी मी स्वतः कॅरलकडे गेले. मागच्या खोलीत एक मेकॅनिक डबा उघडून बसलेला, समोर ऑफिसच्याच वायफायवर मोठ्ठ्या स्क्रीनवर बास्केटबॉल. फोनही त्याच वायफायवर. मी फोनला वेगळी केबल टाकली आणि बोलण्याच्या तुकड्यांना आधी वाट मिळेल असं करून घेतलं. कॅरलने त्या मेकॅनिकला झापलं, तर बिचारा अगदी मनापासून म्हणाला, “पण मी तर आवाज बंद करून बघत होतो.”

* * *

तरी कॅरलची एक तक्रार राहिलीच. सगळ्यांशी बोलणं नीट होतं, पण समीरला काही विचारलं की पुढे शांतता. मग उत्तर. ज्याने फोन नीट करायचा त्याचाच फोन असा! ती म्हणाली, शुक्रवारी समीरशी शेवटचं बोलेन, आणि मग तुमचा करार पुढे चालू ठेवायचा का ते ठरवेन.

आम्ही सगळं तपासलं. त्याची लाइन स्वच्छ, बफर अगदी बेताचा. तो उशीर येतो कुठून, कुणाला सापडेना. समीरचं जेवण कमी झालं. मला तर इतका राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी त्याच्या घरीच जाऊन बसले. तो घरूनही काम करायचा, आणि त्याची ती कामाची खोली म्हणजे घरात ऊन येणारी एकुलती एक जागा. त्यामुळे न्याहारी झाली की बाबा तिथल्याच सोफ्यावर आडवे. आणि घोरणं असं, की खिडकीची काच थरथरावी.

कॅरलचा फोन आला. तिने काहीतरी विचारलं. समीरचा हात माउसकडे गेला, त्याने म्यूट काढला, उत्तर दिलं, पुन्हा म्यूट. अरे देवा! आम्ही आठवडाभर नेटवर्क खणत होतो, आणि हा पठ्ठ्या प्रत्येक वाक्याला बापाचं घोरणं लपवत होता.

मी म्यूट काढला आणि माउस उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. आता पुन्हा म्यूट करायची सोय नव्हती. समीर पांढराफटक पडला.

कॅरलने पुढचा प्रश्न विचारला. त्याने ताबडतोब उत्तर दिलं. आणखी एक. तेही ताबडतोब. मग दोघं थांबले, आणि त्या शांततेत काकांनी एक लांबलचक सूर लावला.

“हे कोण?” कॅरलने विचारलं.

“माझे वडील,” समीर कसाबसा म्हणाला. “इंडियाहून आलेत.”

काकांनी श्वास आत घेतला, सोडला, परत घेतला. कॅरल ऐकत होती.

“एकदासुद्धा तुटलं नाही,” ती म्हणाली. “त्यांना उठवू नकोस. रिन्यूअलचे पेपर्स पाठव, आज सही करते.”

फोन ठेवल्यावर समीरने टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, मी विचारलं नाही, माझेही डोळे भरले होते. त्या गडबडीत काका जागे झाले. आधी माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि ओशाळून चष्मा शोधत म्हणाले,

“जरा डोळा लागला रे. माझ्यामुळे तुझ्या कामाचा काही खोळंबा नाही ना झाला?”