खांबामागची खुर्ची

चष्मेवालीला सवत होती. हाडामांसाची असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. ही पडली दगडविटांची, तीन मजली. गावचं ऑपेराघर! नवरा तिथला प्रमुख झाला आणि घरी फक्त झोपायला येऊ लागला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती कडाडली होती, "त्या सटवीचं तोंडसुद्धा बघणार नाही मी!" हट्टाची पक्की, नंतर कधी तिथली पायरी चढली नाही.

पुढे नगरपालिका तिथं गोदाम करायला निघाली. तेव्हा नवऱ्याने पाववाला, नर्स, बसचालक, ज्याला म्हणून गळा होता त्याला धरून कोरसमध्ये उभं केलं. आपली माणसं ऐकायला गाव लोटलं आणि गोदाम बारगळलं. गावाने त्याला डोक्यावर घेतलं, हिच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

एकदा तिच्या चष्म्यांच्या दुकानात बसचालक म्हणाला, "वहिनी, बायको गेली तेव्हा साहेबांनी मला गायला नेलं नसतं ना, तर वेडाच झालो असतो."

मेलेलीच्या नवऱ्यासाठी वेळ आहे, जिवंत बायकोसाठी नाही! हे तिने गिळलं आणि त्याच्या चष्म्याचा स्क्रू उगाचच जास्त आवळला.

आता सगळी आशा निवृत्तीवर होती. मग तो तिचा, एकटीचा. त्याच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या प्रयोगादिवशी तो दारात घुटमळला.

"आज तरी ये. तुझी खुर्ची दर प्रयोगाला ठेवतो मी. कधी विकली नाही."

ती गेली, पण सवतीची खोड मोडलेली बघायला. खुर्ची निघाली जाड खांबामागे. रंगमंच तसूभरही दिसेना! मध्यंतरात तिने नवऱ्याला गाठलं.

"बायकोला हीच जागा?"

"तूच म्हणाली होतीस, तोंड बघणार नाही," तो बापडा म्हणाला. "न बघता सगळं ऐकू येईल अशी ही एकच जागा आहे."

मध्यंतरानंतर बघायला काहीच नव्हतं, म्हणून तिने ऐकलं. कोरसमध्ये बसचालकाचा जाडाभरडा आवाज लागला आणि तिला हुंदका आवरेना. वर पुन्हा जळफळाट: इतकी वर्षं गावाने हे माझ्यावाचून ऐकलं!

निवृत्त नवऱ्याने पुढच्या प्रयोगाच्या संध्याकाळी दोघांसाठी चहा केला. ती बूट घालत होती.

"कुठे?"

"ऑपेराघरात. नव्या प्रमुख बाईंनी माझी खुर्ची ठेवलीय."

"मी येऊ?"

"खांबामागे एकच मावते."

"एवढं काय ठेवलंय तिथं मेलं!" तो फणकारला.

तो सूर तिने लगेच ओळखला. इतकी वर्षं तो तिचाच होता.