त्या विधवेच्या बुधल्यातलं तेल

खरं सांगायचं तर एलियाहू हन्नाबी, म्हणजे आमचा प्रेषित एलियाहू, कोणाच्या दारी येतो यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. नवस बोलायचा तो एलियाहू नबीला आणि फेडायचा तो गोड पोह्यांच्या मलिद्याने, हे मी लहानपणापासून करत आले होते. पण हाताच्या सवयीने. विश्वास होता तो माझ्या सासूबाईंचा. त्यांच्या माहेरी तेलाचा घाणा होता. शब्बाथ पाळायचा म्हणून शनिवारी बैलालाही सुट्टी, त्यामुळे गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. शास्त्रातली माणसं पलीकडच्या आळीत राहतात अशा थाटात आई, म्हणजे सासूबाई, त्यांच्या गोष्टी सांगायच्या. खोट्या मापाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांवर नबी चिडले की आई खूश. पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट त्या विधवेची. दुष्काळात एलियाहू तिच्या दारी येतो, तिच्याजवळ मूठभर पीठ आणि बुधल्यात थोडंसं तेल उरलेलं असतं, ती त्यातूनच त्याला भाकर करून घालते आणि मग ते तेल संपतच नाही. यावर आईंचा ठरलेला प्रश्न, "पण गो, ते तेल कसलं? तिळाचं का खोबऱ्याचं?" मी म्हणायचे, त्या देशात ऑलिव्हचंच असणार. हे त्यांना अजिबात पटायचं नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. माझा नवरा मरीन इंजिनिअर, महिनोन्‌महिने जहाजावर, आणि सिंगापूरमध्ये आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. आईंची स्मृती तोवर विरत चालली होती. सकाळचा चहा दुपारी आठवायचा नाही, घाण्याच्या बैलाचं नाव मात्र पाठ. त्यांना एकटं बाहेर सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या नव्या वर्षाचा सण जवळ आला होता. त्या दिवशी प्रार्थनेत मेंढ्याचं शिंग फुंकतात, त्याला शोफार म्हणतात. "शोफार वाजला की मला ने हो," असं आई रोज सांगायच्या आणि मी रोज हो म्हणायचे.

एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालत होते. कॉरिडॉरमधून नेहमीचा रद्दीवाला भोंगा वाजवत गेला. कपडे संपवून वळले तर दार सताड उघडं आणि आईंच्या चपला जागेवर नाहीत.

लिफ्ट, खालची मोकळी जागा, हॉकर सेंटरमधले खाण्याचे ठेले, बसस्टॉप, सगळीकडे धावले. हिरवी नऊवारी नेसलेली म्हातारी, ती काय लपणारी? पण कोणीच पाहिली नव्हती. नवऱ्याला काय सांगू हा विचार नंतरचा. आधी मनात आलं, आईंना तहान लागली तर त्या पाणी कोणत्या भाषेत मागतील? तिथेच एका खांबाला टेकून मी रडले. म्हटलं, एलियाहू, माझं डोकं चालत नाही. तू ये, नाहीतर कोणाला तरी पाठव. माझी आई मला परत दे, मी मलिदा करीन. त्यांना मी 'अहो आई' म्हणायचे ते नात्याने. त्या दिवशी मात्र 'माझी आई' असंच तोंडातून आलं.

तेवढ्यात पलीकडच्या ब्लॉकमधून तोच भोंगा ऐकू आला. धावत जाऊन मी रद्दीवाल्याला गाठलं. चिनी म्हातारा, गळ्यात टॉवेल. मी हातवारे करत विचारलं, तसा तो हसला आणि इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीत म्हणाला,

"ग्रीन सारी आंटी? शी फॉलो माय हॉर्न. आस्क मी मशीद, मशीद. सो आय शो हर, दॅट साइड, लाह!"

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात. भोंगा आईंना शोफार वाटला होता, त्या प्रार्थनेला निघाल्या होत्या आणि त्या भल्या माणसाने त्यांना मलय लोकांच्या मशिदीची वाट दाखवली होती.

मशिदीच्या ओसरीतल्या बाकावर आई बसल्या होत्या. हातात गरम, चॉकलेटी माइलोचा ग्लास. शेजारी त्यांच्याच वयाची, डोकं झाकलेली एक मलय बाई. अशा बाईला इथे मकचिक म्हणतात, म्हणजे आपली मावशीच. आई मराठीत विधवेची गोष्ट सांगत होत्या आणि मकचिक मान डोलावत होती.

"शी से नबी, नबी," मकचिक मला म्हणाली. "नबी इलियास, वी ऑल्सो हॅव. सो आय सिट विथ हर. समवन शुअर कम."

आमचा एलियाहू तोच त्यांचा इलियास. मी आईंच्या पायाशीच बसले. आईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अगदी सहज म्हणाल्या, "आलीस गो बाय? मी कधीची हिला सांगतेय, घाबरू नको, एलियाहू कोणाला तरी पाठवतोच."

दुसऱ्या दिवशी मलिदा केला. मकचिकला घरी बोलावलं. तिने बोटं चाटत खाल्ला आणि आईंनी संधी साधून तिला आपला प्रश्न विचारला. मी भाषांतर केलं: त्या विधवेकडचं तेल कसलं होतं? मकचिकने क्षणभरही विचार केला नाही.

"कोकोनट, लाह! व्हॉट एल्स?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. घाणेवाल्याची लेक शेवटी जिंकली होती.

आई आता नाहीत. नवस करताना हात अजूनही सवयीनेच चालतात, पण दाराशी कोणी आलं की मी उठून बघते. कोण कोणाकडे पाठवलं गेलं होतं, याचा हिशोब मी लावायचा सोडून दिला आहे. त्या खांबाला टेकून मी एलियाहूची वाट पाहत होते आणि ओसरीवरची एक म्हातारी, काहीच आठवत नसताना, निवांत बसून माझी वाट पाहत होती. तिने ज्याच्यावर भरवसा टाकला त्याने मला पाठवलं. ते पाठवलेलं माणूस मी होते, याहून मोठी कृपा मला अजून माहीत नाही.