पटावर सोडलेली मोटार

आज मी जो काही आहे तो आबांमुळे. आबा म्हणजे आमच्या गावाहून चोपड्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीचे मालक आणि ड्रायव्हरही तेच. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. मी मॅट्रिक झालो तेव्हा वडील मला केळीच्या बागेत कामाला लावणार होते. आबांनी कुणाला न विचारता माझी पेटी टपावर टाकली आणि वडिलांना म्हणाले, "याले मी धुयाले धाडस. तू तुन्या केळी देख." धुळ्याच्या देवपुरातली खोली, कॉलेजची फी, सगळं त्यांनी पाहिलं. सुट्टीत मोटार चालवायलाही त्यांनीच शिकवलं. मला ते 'बालिष्टर' म्हणत.

पुढे त्या रस्त्यावर सरकारी बस सुरू झाली आणि आबांचं परमिट गेलं. मोटार लिंबाखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. उतारू आणि टपावरचे केळीचे घड वाहून वाहून तिचा मागचा भाग खाली बसला होता. ही गाडी कधी शर्यतीत पळेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण कापसाच्या एका व्यापाऱ्याने नवी मोटार घेतली आणि भर बाजारात विचारलं, "काय आबा, कोंबड्यांकडून तिकीट घेता का?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. यात्रेच्या शंकरपटात बैलजोड्यांच्या शर्यती संपल्या की दोन्ही मोटारी पळवायच्या, असं ठरलं.

गावाला बैल पळवायची कला ठाऊक होती. त्याच रीतीने मोटार तयार झाली. टप कापला. दारं, मडगार्ड, मागच्या सीटा, भोंगा, सगळं काढलं. ड्रायव्हरच्या जागी जेवायचा पाट दोरीने बांधला. भरल्या पोटी बैल पळत नाही म्हणून टाकीत पेट्रोलही थोडंच. दिव्यांना बैलांच्या शिंगांचे गोंडे बांधले. पुढच्या चाकांचे ब्रेक घासतात असं दिसलं, तेव्हा तेही सोडवून ठेवले. मी सुट्टीवर आलो होतो. मी म्हणालो, "आबा, ब्रेक तरी राहू द्या."

"बालिष्टर, आपले पयनं शे का थांबनं?"

लिंबाखाली हशा पिकला. मीही हसलो.

पटाला शेवटी भिंत नसते, माणसं असतात. जोडी सुटून आली की गावातले धट्टेकट्टे गडी आडवे उभे राहतात, उपरणी हलवतात, "होऽ होऽ" करतात. बैल माणूस ओळखतो, वेग कमी करतो. माझे वडील दर वर्षी त्या रांगेत असत, मधोमध. मोटारींच्या वेळी रांग हटेल असं मला वाटलं होतं. तिथून कुणी हललंच नाही. उलट आणखी माणसं येऊन उभी राहिली.

व्यापाऱ्याची मोटार अर्ध्यातच मागे पडली. आबांची मोटार धुरळा उडवत, फटफट आवाज करत आली आणि वडिलांनी उपरणं वर केलं. मी बांधावरून ओरडलो. ते कुणाला ऐकू गेलं नसणार. आबांनी ब्रेक दाबला. मागची चाकं अडकली, गाडी गर्रकन फिरली. आबांनी स्टिअरिंग ओढून तिला बाभळीच्या कुंपणात घातलं. वडील धावत गेले आणि हसत हसत तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "होऽ राजा, होऽ." आबांचा उजवा पाय आत चेपला आहे हे नंतर दिसलं.

पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. निकाल सांगायला गावी जायच्या आधीच, बाजाराला आलेला आमचा गावचा शेजारी देवपुरात माझ्या खोलीवर आबांचा निरोप घेऊन आला.

"आबा म्हने, यंदा गाडी तू हाकजो. तुनं वजन कमी शे. त्यास्ना पाय काही चालस नही."

"आणि ब्रेक?"

"बठ्ठा काढी टाका, मांगला चाकेस्ना बी. ब्रेक लागना म्हनीसनच गाडी फिरनी ना! आते सरळ येई. अडावाले औंदा दुप्पट मानसे उभा राहतीन. तुना बाप तर कव्हयनाच सांगी राहिना, पोऱ्यानी गाडी मीच अडावसू."

तो चहा पिऊन गेला. आबांच्या शब्दाबाहेर मी तोवर कधी गेलो नव्हतो, आणि जाण्याचा मला अधिकार आहे असंही वाटत नव्हतं. त्याच दुपारी पांझरा नदीच्या काठी बसून मी हे पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र गुरुजींकडून वाचून घ्यावे, आणि वाचताना वडिलांना जवळ बसवावे. मी बी.ए. पास झालो. हे यश तुमचे आहे. पेढे घेऊन येतो.

आबा, तुम्ही सांगितले ते मी आजवर सगळे केले. गाडी मात्र मी हाकणार नाही. तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवले होते की चढ कुणीही चढतो, उतारावर ज्याला थांबवता येते तो ड्रायव्हर. गेल्या वर्षी माणसे वाचली ती गाडीने बैलासारखी ओळखली म्हणून नव्हे, तुमच्या पायाने वाचली. आता तो ब्रेकही गाडीत नाही आणि हाकायला तुम्हीही नाही. ती गाडी माझ्या वडिलांना ओळखत नाही.

हे वाचून तुम्ही मला कृतघ्न म्हणाल. म्हणा. तुम्ही दुसरा कोणी हाकणारा बघाल हेही मला ठाऊक आहे. म्हणून कळवतो की यात्रेला मी येणार आहे. वडिलांना रांगेतून काढणे मला जमणार नाही, ते ऐकायचे नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा राहीन. गाडी सोडण्याआधी एकदा पटाच्या टोकाला नजर टाकावी. मधोमध, वडिलांच्या डाव्या हाताला, पांढऱ्या सदऱ्यात, मी असेन.

तुमचा बालिष्टर